प्राणवायूचा शेवटचा पल्ला

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत मेंदूविकार व अतिदक्षता विभागांतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आमच्या विभागांचा लेखाजोखा मांडला जातो. किती रुग्ण आले, किती बरे होऊन घरी गेले, किती खाटा वाढल्या, हे सारे तक्ते याच अहवालात अन्यत्र छापलेले आहेत. ते पुन्हा वाचून दाखवून आपला वेळ आम्ही घेणार नाही. यंदा आम्ही एका प्रश्नाचे उत्तर देण्याचे ठरविले आहे. तो प्रश्न आम्हांला एका रुग्णाच्या मुलाने विचारला होता, आणि त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर खरे असले तरी पुरेसे नव्हते.

त्याचे वडील पहाटे पाचच्या सुमारास गोठ्यात धार काढीत असताना एका अंगावर कलले. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. थोडे पडून राहिले की बरे वाटेल, या आशेवर घरच्यांनी दोन तास घालविले. सात वाजता गावाजवळच्या दवाखान्यात नेऊन प्राणवायू लावला. मग गाडीची जुळवाजुळव, मग रस्ता. आमच्याकडे ते दहा वाजून गेल्यावर पोहोचले. मेंदूच्या डाव्या भागाची मुख्य धमनी रक्ताच्या गुठळीने बंद झालेली होती, आणि स्कॅन पाहता त्या भागात वाचविण्याजोगे फारसे उरले नव्हते. चौथ्या दिवशी मुलाने आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टर, ऑक्सिजन तर दवाखान्यात नेल्यापासून लावलेला होता. बोटाचं यंत्र सारखं अठ्ठ्याण्णव दाखवत होतं. मग मेंदूला कमी पडलं कुठं?"

आम्ही म्हणालो, "उशीर झाला." त्याने मान डोलावली आणि तो निघून गेला. नंतर आमच्या ध्यानात आले की त्याने 'कुठे' असे विचारले होते आणि आम्ही 'केव्हा' ते सांगितले होते.

त्याच्या 'कुठे'चे उत्तर एका हिशेबात आहे. हवेतला प्राणवायू फुप्फुसांतून रक्तात येतो, रक्तातून मेंदूत जातो, आणि तेथील सर्वांत बारीक रक्तवाहिनीतून बाहेर पडून पेशीपर्यंत पोहोचतो. या प्रवासात कोठे किती प्राणवायू असतो याची गणिती मांडणी शास्त्रज्ञ गेली शंभराहून अधिक वर्षे करीत आले आहेत. मेंदू उघडून प्रत्येक पेशीपाशी माप लावता येत नाही. म्हणून जेथे माप पोहोचत नाही तेथे गणित पाठवावे लागते.

प्रथम गरज किती ते पाहू. प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. हे कसे कळले, ते सांगण्यासारखे आहे. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८७० साली एक साधा विचार मांडला होता. एखाद्या अवयवात जाणाऱ्या रक्तात किती प्राणवायू होता आणि बाहेर येणाऱ्या रक्तात किती उरला, यांतला फरक आणि रक्ताचा प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे त्या अवयवाचा खर्च. घरातले दूध किती संपले हे ज्या पद्धतीने आपण काढतो, तीच ही पद्धत. अडचण एवढीच होती की मेंदूतून रक्त किती वाहते ते मोजायचे कसे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे सीमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० च्या दशकात ती सोडविली. भूल देण्यासाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू सौम्य प्रमाणात हुंगायला देऊन त्यांनी धमनीतले आणि मानेतल्या मोठ्या शिरेतले रक्त पुनःपुन्हा तपासले. मेंदूत वायू किती वेगाने साठतो यावरून प्रवाह काढला. १९४८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे आजही पाठ्यपुस्तकांत आढळतात: मेंदूच्या १०० ग्रॅममागे दर मिनिटाला ५४ मिलिलिटर रक्त आणि ३.३ मिलिलिटर प्राणवायू. केटींच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली लोकांना तोंडी हिशेब घालूनही मोजमाप केले. मेंदूच्या एकूण खर्चात लक्षात येईल असा फरक पडला नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलांना अधिक तूप वाढणाऱ्या आयांना हे पटणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे.

सोयीसाठी आपण प्रवाह ५० आणि खर्च ३.५ धरू. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर प्राणवायू असतो. म्हणजे मेंदूच्या १०० ग्रॅमच्या दाराशी दर मिनिटाला १० मिलिलिटर येतो आणि त्यातला सुमारे तिसरा हिस्सा वापरला जातो. एवढी शिल्लक पाहून वाटते की मेंदू मोठा सुखवस्तू आहे. पण मेंदूपाशी कोठार नाही. स्नायूंत प्राणवायू थोडाफार धरून ठेवणारे द्रव्य असते, मेंदूत तशी सोय नाही. प्रवाह पूर्ण थांबला तर सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते. रोज आणून रोज खाणाऱ्या घरासारखी त्याची स्थिती आहे, आणि दुकान एक मिनिटही बंद राहून चालत नाही.

आता या प्रवासाच्या शेवटच्या पल्ल्याकडे वळू. ज्याच्यासाठी हे भाषण आम्ही लिहिले तो भाग हाच.

केशवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडल्यावर प्राणवायूला पुढे ढकलणारे कोणी नसते. हृदयाचा जोर तेथे संपतो. अत्तराचा वास खोलीत पसरावा तसा तो जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे आपणहून पसरत जातो. याला विसरण म्हणतात. विसरणाचा स्वभाव विलक्षण आहे. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. मेंदूतील केशवाहिनीपासून २५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्श्याइतके अंतर, प्राणवायू सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ओलांडतो. तेच अंतर एक सेंटिमीटर असते तर त्याला जवळजवळ आठ तास लागले असते. म्हणूनच मेंदूत केशवाहिन्यांचे इतके घनदाट जाळे आहे की कोणतीही पेशी आपल्या जवळच्या वाहिनीपासून सहसा काही दशक मायक्रोमीटरपेक्षा दूर नसते.

हे अंतर आणि खर्च यांचे गणित प्रथम मांडले ते कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रॉग यांनी, १९१९ साली. क्रॉग हे ख्रिश्चन बोर यांचे शिष्य. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक सहजपणे सोडते, हे १९०४ साली गुरुशिष्यांनी मिळून दाखविले होते. क्रॉग यांचा प्रश्न मेंदूचा नव्हता, स्नायूचा होता. त्यांनी कल्पना केली की प्रत्येक केशवाहिनी ही एका दंडगोलाच्या मध्यातून जाणारी नळी आहे आणि त्या दंडगोलातल्या पेशींना पोसण्याची जबाबदारी तिची एकटीची आहे. नळीपासून दूर जावे तसा प्राणवायूचा दाब किती उतरतो याचे सूत्र त्यांना हवे होते. ते त्यांना काढून दिले अर्लांग नावाच्या गणितज्ञाने. हे गृहस्थ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीस होते. किती ग्राहकांमागे किती तारा ठेवल्या म्हणजे कोणाला ताटकळावे लागणार नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. टेलिफोनच्या वर्दळीचे माप आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. क्रॉग यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पत्नी मारी या स्वतः डॉक्टर आणि संशोधक, आणि त्यांना मधुमेह होता. १९२२ च्या अमेरिका-कॅनडा प्रवासात नव्याने सापडलेल्या इन्शुलिनची माहिती घेऊन या दांपत्याने ते डेन्मार्कमध्ये तयार करण्यास आरंभ केला. आमच्या मधुमेह विभागात येणाऱ्या अनेकांवर या दांपत्याचे असे दुहेरी ऋण आहे.

स्नायूसाठीचे हे सूत्र पुढे जर्मनीत गेरहार्ड थेव्स यांनी १९६० साली मेंदूला लावून पाहिले. आम्हीही कागदावर ते मांडून पाहिले. प्राणवायूचा दाब आपण रक्तदाबाच्याच मापात, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो. मेंदूचा नेहमीचा खर्च धरला आणि पेशी केशवाहिनीपासून २५ मायक्रोमीटरवर आहे असे मानले, तर वाटेत दाब सुमारे ६ ने उतरतो. अंतर दुप्पट, म्हणजे ५० मायक्रोमीटर केले, तर उतार दुप्पट होत नाही. तो सुमारे ३४ होतो. मेंदूतून बाहेर पडणाऱ्या रक्तात प्राणवायूचा दाब ३५ च्या आसपास असतो. याचा अर्थ, वाहिनीपासूनचे अंतर असे दुप्पट झाले तर रक्त जेथे मेंदू सोडून चाललेले असते तेथल्या सर्वांत दूरच्या पेशीपाशी जवळजवळ काहीच उरत नाही. रक्त तर वाहतेच आहे, त्यात प्राणवायूही आहे, आणि तरी ती पेशी उपाशी आहे.

या जागेला अभ्यासक घातक कोपरा म्हणतात. आपल्याकडे कालव्याच्या लाभक्षेत्रात राहणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेताला पाणी मिळते. सर्वांत शेवटचा, ज्याला सगळे 'टेल'चा शेतकरी म्हणतात, त्याच्या बांधापर्यंत पाणी येते तेव्हा ते ओल म्हणण्यापुरतेही नसते. धरण मात्र ९८ टक्के भरल्याचे वर्तमानपत्रात छापून येते.

येथे क्रॉग यांच्या मांडणीची एक उणीव सांगणे प्राप्त आहे. मेंदूतल्या केशवाहिन्या अगरबत्तीच्या काड्यांसारख्या सरळ आणि समांतर नसतात. त्या एकमेकींना मिळतात, फुटतात, वळतात, आणि सर्वांतून रक्त सारख्या वेगाने जात नाही. काही वाटांनी तांबड्या पेशी धावत सुटतात, काहींत अडखळतात. गेल्या काही दशकांत उंदराच्या मेंदूतील प्रत्येक बारीक वाहिनीचा नकाशा काढून संगणकावर तिच्यातील प्रवाह मांडण्याचे काम अनेक प्रयोगशाळांनी केले. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे सुने येस्पर्सन आणि लाइफ ऑस्टरगार्ड यांनी २०१२ साली या असमानतेचे गणित प्रसिद्ध केले. एकूण प्रवाह तेवढाच असला तरी तो जितका विषम वाटला जाईल तितका मेंदूच्या पदरात प्राणवायू कमी पडतो. ज्या वाटेने रक्त धावते तेथे प्राणवायूला उतरायला सवड मिळत नाही. ज्या वाटेने ते रेंगाळते तेथला आधीच संपलेला असतो. एक चारी भरून वाहून नाल्याला मिळते आणि दुसरी कोरडी राहते. पाटकऱ्याच्या वहीत मात्र सोडलेले पाणी पुरेसे असते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब बारीक वाहिन्यांना इजा करतात, म्हणून धमनी कोठेही तुंबलेली नसताना मेंदूची हळूहळू होणारी झीज याच मार्गाने होत असावी काय, हा प्रश्न आज अभ्यासक गंभीरपणे तपासत आहेत. आम्ही त्याला अजून प्रश्नच मानतो, निष्कर्ष नव्हे.

आता त्या मुलाकडे परत येऊ.

बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावर चालतो. २०२० आणि २०२१ या कोविडच्या वर्षांत तो घरोघरी पोहोचला आणि त्याने अनेकांना वेळेवर रुग्णालयात आणले. त्याचे उपकार आम्ही मानतो. पण तो नेमके काय सांगतो? बोटापर्यंत आलेल्या हिमोग्लोबिनपैकी शेकडा किती प्राणवायूने भरलेले आहे, एवढेच. आमच्या विभागातील एका ज्येष्ठ परिचारिकाताईंनी यासाठी जो दृष्टान्त शोधला त्याहून चांगला आम्हांला सुचला नाही. त्या म्हणतात, हे यंत्र हंडा किती भरला ते सांगते. हंडे किती आले ते सांगत नाही, आणि कोणाच्या दारात उतरले तेही सांगत नाही.

कोणाच्या दारात, हा त्या मुलाच्या वडिलांचा प्रश्न होता. बोटाकडे जाणारी धमनी मोकळी होती, मेंदूच्या डाव्या भागाकडे जाणारी बंद. त्या भागाला आजूबाजूच्या आडवाटांनी जे रक्त मिळत होते ते ५० ऐवजी समजा १० मिलिलिटर असेल. त्या रक्तातला सगळा प्राणवायू, एक थेंबही न सोडता, पेशींनी घेतला तरी २ मिलिलिटर होतो, गरज साडेतीनाची. मग तोंडावर मुखवटा लावून शुद्ध प्राणवायू दिला तर? हिमोग्लोबिन आधीच ९८ टक्के भरलेले आहे, त्यात फारशी भर पडत नाही. रक्ताच्या पाण्यात थोडा अधिक विरघळतो. १०० मिलिलिटरमागे फार तर दीड मिलिलिटर. दोन्ही धरून २ चे सव्वादोनही होत नाहीत. मेंदूला कमी पडले ते येथे. हंडे भरलेलेच होते, रस्ता बंद होता, आणि आपण हंडे आणखी भरण्याची खटपट करीत होतो.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या ८००० हून अधिक रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तातील प्राणवायू कमी झालेला नाही अशांना सरसकट प्राणवायू दिल्याने तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीत काही सुधारणा आढळली नाही. याचा कोणी विपरीत अर्थ घेऊ नये. ज्याचा आकडा खाली उतरला आहे त्याला प्राणवायू लागतोच, आणि तो तातडीने लागतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की ९८ हा आकडा पाहून घरच्यांनी निर्धास्त होऊ नये आणि त्या आकड्याच्या भरवशावर गाडी थांबवून धरू नये.

धमनी बंद झाल्यावर सारा भाग एकदम मरत नाही, हेही याच हिशेबातून उलगडले. प्रवाह सुमारे २० च्या खाली गेला की चेतापेशींचे विद्युत्कार्य थांबते. हात लुळा पडतो, बोलणे जाते. पण पेशी जिवंत असते. प्रवाह १० च्या आसपास उतरला की पेशीचे आवरण टिकत नाही आणि मरण ओढवते. या दोन उंबरठ्यांमधल्या भागाला १९८१ साली अस्त्रुप, सीस्यो आणि सायमन या तिघांनी ग्रहणातील उपच्छायेचे नाव दिले. पंचांगात छायाकल्प चंद्रग्रहण लिहिलेले असते, त्यात चंद्र मंदावतो, झाकोळत नाही; तशी ही जागा. उपचार जो काही करायचा तो या मंदावलेल्या भागासाठी. ही छाया वेगाने काळवंडत जाते. अमेरिकेतील डॉक्टर जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली काढलेल्या सरासरीप्रमाणे मोठी धमनी बंद असता दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. पाच तासांचे ५७ कोटी. हा गुणाकार आम्ही त्या मुलाला सांगितला नाही, आणि सांगणारही नाही. ज्या घरात दोन तास आशेने वाट पाहिली गेली त्या घराला असा आकडा देणे म्हणजे आयुष्यभराची शिक्षा देणे होय. शिवाय ती सरासरी आहे. आडवाटांचे रक्त कोणाला किती साथ देते यावर एकेका माणसात फार अंतर पडते.

नेमके या अंतरासाठीच गणित आता रुग्णाच्या खाटेपर्यंत आले आहे. शिरेतून औषधी रंगद्रव्य देऊन मेंदूचे स्कॅन लागोपाठ घेतले जातात आणि प्रत्येक ठिकाणी ते द्रव्य कधी आले, किती रेंगाळले, कधी ओसरले याची वक्ररेषा मिळते. परंतु शिरेतून मेंदूपर्यंत येताना, हृदय आणि फुप्फुसांतून जाताना, द्रव्य आधीच विस्कटलेले असते. त्यातला कोणता विलंब वाटेतला आणि कोणता मेंदूतला, हे वेगळे काढल्याखेरीज त्या चित्राला अर्थ नसतो. ते वेगळे काढण्याची खात्रीची रीत ऑर्हूसच्या याच ऑस्टरगार्ड यांनी १९९६ साली सहकाऱ्यांसह मांडली. त्या वंशातल्या हिशेबांच्या आधारे निवडलेल्या रुग्णांत धमनीतील गुठळी सहा तासांनंतरही, काहींत चोवीस तासांपर्यंत, काढण्याचा उपयोग होतो, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी दाखविले. त्याआधी आम्ही केवळ घड्याळ पाहून कित्येकांना परत पाठविले होते.

गेल्या वर्षी आम्ही विश्वस्तांकडे या हिशेबाची संगणकप्रणाली आणि रात्रपाळीसाठी एक प्रशिक्षित तंत्रज्ञ मागितला होता. यंत्र तर आहे, मग हा निराळा खर्च कशासाठी, असे एका सन्माननीय सदस्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. रुग्णवाहिकेवर देणगीदाराचे नाव रंगविता येते, खोलीच्या दारावर संगमरवरी पाटी बसविता येते; हिशेबावर पाटी कोठे लावणार? या व्यासपीठावरून आम्ही मान्य करतो की तेव्हा आम्हांला नीट समजावता आले नव्हते. आज पुन्हा मागत आहोत.

हंडे किती आले, हा दुसरा प्रश्न मात्र अधिक घरांचा आहे. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन असते. आमच्याकडे ७ ग्रॅमवर आलेल्या भगिनी आठवड्यातून अनेक वेळा येतात. त्यांच्या बोटाला यंत्र लावले तर तेही ९८ दाखविते. हंडे काठोकाठ भरलेले आहेत, पण निम्मेच आहेत. त्यांच्या १०० मिलिलिटर रक्तात २० ऐवजी साडेनऊ मिलिलिटरच्या आत प्राणवायू असतो. प्रवाह ५० च राहिला तर मेंदूच्या १०० ग्रॅमच्या दारात येतो ४.७, खर्च ३.५. जी दोन-तृतीयांश शिल्लक आपण मघाशी मोजली ती पाव हिश्श्यावर येते. शरीर यावर तोड काढते. मेंदूचा प्रवाह वाढवून ते वेळ मारून नेते. म्हणूनच ती भगिनी शेतात जाते, पाणी भरते, स्वयंपाक करते आणि "थोडा थकवा आहे" इतकेच सांगते. पण प्रवाह वाढविण्याची जी उसनवारी होती ती रोजच्या जगण्यातच खर्च झालेली असते. बाळंतपणात रक्तस्राव झाला किंवा शस्त्रक्रियेत रक्तदाब उतरला, तर मागे हटायला जागा राहत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. सगळ्यांची ७ ग्रॅमपर्यंत घसरलेली नसते, हे खरे. तरी ठरलेली शस्त्रक्रिया हिमोग्लोबिनसाठी तीन आठवडे पुढे ढकलली म्हणून आमच्या कार्यालयात येऊन रागावणाऱ्या नातेवाइकांनी हा ४.७ आणि ३.५ चा हिशेब एकदा पाहावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

हिशेब न केल्याने आमच्याही हातून चुका घडल्या आहेत. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला कृत्रिम श्वासयंत्रावर मुद्दाम जलद श्वास द्यायची पद्धत एके काळी सर्वत्र होती, आणि आमच्यातील ज्येष्ठांनी ती पाळलेली आहे. जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूतील वाहिन्या आकसतात आणि कवटीतील वाढलेला दाब कमी होतो. दाबाचा आकडा सुधारलेला पाहून समाधान वाटे. पण कार्बन डायऑक्साइडचा दाब एकाने उतरला की मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. ४० वरून २५ वर आणला तर प्रवाह चाळीस टक्क्यांच्या आसपास खाली येतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रतिबंधक उपाय म्हणून असा श्वास दिलेल्या रुग्णांची तीन व सहा महिन्यांनंतरची प्रकृती इतरांहून वाईट आढळली. आज जीव तातडीच्या धोक्यात असतानाच, आणि थोड्या वेळापुरता, आम्ही तो वापरतो. तेव्हाच्या त्या रुग्णांची नावे आमच्या जुन्या नोंदवह्यांत आहेत.

त्या मुलाची आमची पुन्हा भेट झाली, ती वडिलांना व्यायामोपचारासाठी आणले तेव्हा. ते आता काठीच्या आधाराने चालतात. बोलणे चारदोन शब्दांपुरते आहे. आम्ही त्याला बसवून, कागदावर दंडगोल आणि हंडे काढून, हे सारे सांगितले. फक्त तो एक गुणाकार वगळला. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "हे गावात कोणी आधी का सांगत नाही?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या परिचारिकाताईंनी ते काढले. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही दिसले की प्राणवायूची वा आकड्याची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात निघावे, हे सांगण्यासाठी त्या आणि दोन शिकाऊ परिचारिका येत्या महिन्यापासून दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या गावांत जाणार आहेत. सोबत नेण्यासाठी त्यांनी आमच्याकडे एक फलक आणि पितळेचे चार हंडे मागितले होते. फलक तयार आहे. हंडे आमच्या भांडारात नव्हते; ते त्या मुलाने आपल्या घरून आणून दिले आहेत.